मोटारीखालचे बाबा

मला आधी खटकलं ते एवढंच, की मोटारीखालची ठोकठोक थांबली. कॉलेजच्या सुट्टीत मी खामगावला घरी आले होते. बाबांनी त्यांची जुनी मोटार चाकं काढून विटांच्या थप्प्यांवर चढवली होती आणि ते तिच्याखाली शिरले होते. त्यांना धीर कसा तो नाही. सकाळीच एक नट निघेना, तर त्यांनी असा जोर लावला की बोल्टच तुटला. असा माणूस चिडला तर मला भीती वाटत नाही, गप्प झाला की वाटते.

"बाबा!" उत्तर नाही. बाहेर दिसणारे दोन पाय हलतही नव्हते. विटा खचल्या, असंच मला वाटलं. मी किंचाळले, तशी आई पिठाच्या हातांनी धावत आली.

"काऊन वं, काय झालं?"

"बाबा बोलत नाहीत!"

आई वाकली. "अवो, पोरगी भिऊन राह्यली ना, बोला की!"

मी पुन्हा हाक मारली. तेव्हा कुठे खालून आवाज आला, "अवं पोरी, गंज सुटावा म्हून नटाले घासलेट पाजलं. हजार मोजल्याबिगर पान्याले हात लावाचा नाही, असं ठरवलं होतं. सहाशेवर होतो. आता पुन्हा एकपासून!"