भेगेतून गेलेली शेळी

दगडोबा : ...तर शेळी रानातल्या ह्याच भेगेत गेली, दया. लई धुंडली. दिवस कलल्यावर विहिरीतून आवाज, बें बें! पोहरा सोडला, तर शेळी त्यात बसून वर आली. मागून दोन करडं. भेगेतच व्याली!

दयानंद : काका, शेळी राहू द्या बाजूला. टँकरवाल्यानं पाइप लावलाय, उठा तिथून.

केवळाबाई : दया, आयक माझं. ते काळं पाणी आपल्या रानात नको.

दयानंद : माय, खत हाय ते. उसाच्या मळीपासून इथेनॉल काढतेत, मागं हे उरतंय. कारखाना फुकट देऊन राहिला.

दगडोबा : फुकट? त्यो कारखानदार सासऱ्याला च्या पाजत न्हाई.

दयानंद : पेट्रोलात इथेनॉल मिसळलं की धूर कमी. हवा साफ.

केवळाबाई : आन् पाणी? शिवेवरच्या शेजाऱ्यानं, श्रीमंतानं, हेच रानात सोडून घेतलं. आता त्याच्या बोअरला काकवीवाणी पाणी येतंय. म्हस तोंड लावंना.

दगडोबा : लावलं होतं की एकदा. झिंगून लातूरला गेली, कोचिंग क्लासात पैल्या बाकावर बसली.

दयानंद : मस्करी पुरे, काका. मग गाड्या कशावर चालवायच्या?

केवळाबाई : तुराट्या हायेत, भुसकट हाय, शेण हाय. बांधावर जाळता त्याचं करा म्हणावं तेल. ऊस आधी पाणी पितो, मंग उरलेलं नासवतो. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, इसरलास?

दयानंद : आपली विहीर लांब हाय की. मधी सगळी काळी माती. कसं जाईल?

केवळाबाई : भेगेतून. सकाळी मी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल हिंगूळ कालवून भेगेत वतला. वरून मोटरीची नळी सोडली.

दगडोबा : कशापायी, वैनी?

केवळाबाई : तुमची शेळी आयकून आयकून. म्हणलं, बगावं तरी. जा, विहिरीत वाकून बगा.

(दगडोबा विहिरीपाशी जातो.)

दगडोबा : दया... कपारीतून लाल वघळ आलाय रे. पार पाण्यापोतर.

दयानंद : आता तरी थापा नका मारू!

दगडोबा : अरे, मी जन्मात कधी शेळी पाळली न्हाई! पण हे खरं हाय. ये, आपल्या डोळ्यानं बग.

दयानंद : आईशप्पथ! ओ डायवर, कॉक बंद करा! बंद!... माय, त्यानं आधीच सोडलंय. भेगेत भळाभळा जाऊन राहिलंय.

केवळाबाई : पळ, तूच बंद कर!

दयानंद : केला. केला बंद.

केवळाबाई : किती गेलं?

दयानंद : त्यालाबी ठाव न्हाई.

केवळाबाई : आख्खी वस्ती हितलं पाणी पिती. जा, घरोघर सांग, कुणी घागर भरू नका म्हणावं.

दगडोबा : मी जातो की, वैनी.

केवळाबाई : तुमचं कोण खरं मानंल? तुमी हितं बसा, भावजी. पाण्यावर नजर ठिवा. आन् दिसंल तेवढंच सांगा.