सहाच्या खुणेवरचा दोरा

‘२ फेब्रुवारी १९७७, बुधवार. कोरडं ऊन, वारा नाही. सहा मिलिमीटरची प्लेट, स्विच सहावर, तार सहा सेकंदांत पन्नास सेंटिमीटर. सकाळचे जोड चांगले, दुपारचे खराब.’ — झालं लिहून? मग पुढचं वाचतो. तुम्ही पुण्याची माणसं, वेल्डिंगचं मशीन तपासायला आलात, कागद मानता, म्हणून दाखवतोय. नाहीतर ही वही मी ईश्वरप्पा मालकांच्या हातातसुद्धा देत नाही. ते विचारतात तेव्हा मी उभं राहून वाचतो. मालक म्हणतात, ‘कोंडीबा, तुझी वही म्हणजे कोर्टच की रे.’ चारला ते येतील आणि ठरवतील — कासीमला कामावरून काढलंय तेवढ्यावर सोडायचं की पोलिसात द्यायचं. तोवर तुमचा रिपोर्ट पाहिजे. मशीनमध्ये दोष नाही एवढं लिहिलंत तरी बास.

तो बघा, गेटजवळ बसलाय. आठ दिवस झाले काढून, रोज येतो, डबा घेऊन. काढलेला माणूस डबा कशाला आणतो हो? काहीतरी आहे त्यात. तुम्ही आत येताना थांबवलं का त्यानं तुम्हाला? नाही? चहा तरी पाजला असेल. बरं, राहिलं.

मशीन सेकंडहँड आलं, सोबत पुस्तक नाही, मीटरचा काटा पहिल्या दिवसापासून अडकलेला. मग कोणी शिकवलं मला? कोणी नाही. वर्षभर भंगारातल्या पट्ट्यांवर जोड लावले, करवतीनं कापून आत बघितलं, लिहून ठेवलं. व्होल्टेज कमी पडलं की तार वितळायच्या आधीच प्लेटला टोचते, तार सोडणारं पिस्तूल हातात मागं ढकलतं, जोड दोरीसारखा नुसता वर बसतो, आत शिरत नाही. जास्त झालं की ठिणग्या लई उडतात आणि कडेला खाच पडते. बरोबर जमलं की आवाज येतो — कढईत भजी सोडल्यावर येतो ना, सलग, तसा. त्या आवाजावर मी स्विचचा सहा नंबर ठरवला, लाल रंगानं खूण केली, आणि सांगितलं — दीडपर्यंत मी, दीडनंतर कासीम, पण खुणेला हात कोणी लावायचा नाही.

आणि जानेवारीपासून दुपारचे जोड बिघडायला लागले. सकाळी तेच मशीन, तीच तार, तीच प्लेट — माझे चांगले, त्याचे खराब. मग हात कोणाचा फिरला? बरं, त्यानं स्वतःच तोंडानं सांगितलं की! एक दिवस आला आणि म्हणतो, ‘मास्तर, दोपहर को एक नंबर बढाऊं क्या? तार टोचतीय.’ बढाऊं क्या! म्हणजे स्विचच्या मुठीवर डोळा होताच. मी म्हटलं, खूण म्हणजे खूण. तर म्हणतो, ‘मैं हात नै लगाया, मास्तर, तुमारी कसम.’ माझीच शपथ घालतो, बघा.

मग मी काय केलं? सांगू नये, पण सांगतो. मुठीवर सूत बांधलं, पांढरं, बारीक. मूठ फिरली की तुटलंच पाहिजे. संध्याकाळी बघतो तर सूत जसंच्या तसं, आणि जोड खराब. तुम्ही म्हणाल, मग हात लागला नाही. तिथंच फसाल! त्याची आई, अकबरी, तीस वर्षं मागावर बसते. तुटलेला धागा अशी सांधते की बोटाला गाठ लागत नाही. त्या घरात वाढलेला माणूस आहे तो. मी भिंग लावून बघितलं — गाठ दिसली नाही. इतकी सफाई!

काय? सोमवार? हो, सोमवारचे चांगले आहेत. सात तारीख, चौदा तारीख — दुपारचेसुद्धा. अहो, सोमवारी मालक दिवसभर इथंच असतात, मग कोण हिंमत करील? पलीकडचा खडखडाट पण नसतो सोमवारी, कान शांत असतात. भिंतीपलीकडं चोवीस यंत्रमाग बसलेत ना नवे, दुपारी दोनला सुरू होतात, सोमवारी सुट्टी. कधी बसले? — जानेवारीत. हे कशाला लिहून घेताय?

आठ तारखेला त्यानं ट्रॉलीची दांडी जोडली. अकराला उसानं भरलेली ट्रॉली मोडनिंबजवळ सुटली, हिंदुराव नावाचा माणूस खाली सापडला, मांडीचं हाड मोडलं. दांडीवर ठोकलेला नंबर दोन. एक म्हणजे मी, दोन म्हणजे कासीम. मी वही उघडली आणि मालकांना वाचून दाखवलं. वाचलं फक्त. काढलं त्यांनी.

ते पान नका उलटू — सतरा तारीख, गुरुवार. कोरंच आहे. ताप होता मला... नाही, हजेरी आहे, खरं आहे, आलो होतो. कासीम नव्हता, म्हणून दुपारचं कामही मीच केलं. सूत होतं. खूण सहावर. तार टोचत होती, हाताला धक्के बसत होते, तीन जोड लावले, तिन्ही दोरीसारखे. मी म्हटलं गॅस संपत आला असेल. सिलिंडर भरलेला होता. मग लिहायचं काय? त्या दिवसापासून दुपारी मशीन बंदच ठेवलंय. चार वर्षांत एकच पान कोरं आहे साहेब, एकच.

दोन वाजले वाटतं. ऐका, सुरू झाले माग. तुमचा मीटर विजेच्या लाइनला लावलाय का? वाचू मी? चष्मा लावू द्या. मघाशी चारशे दहा व्होल्ट होतं. आता — तीनशे ऐंशी. सत्तर. काटा उतरतोयच की. तीनशे पासष्ट. थांबला. मूठ मी नाही हलवली, तुम्ही बघताय. सूत तसंच आहे. बरं, लावतो जोड, काच धरा डोळ्यासमोर.

तोच धक्का. तोच.

सूत तोडू म्हणता? मीच? — तोडलं. मूठ एक नंबर पुढं. काच धरा.

...भजी.

नाही, काही बोलू नका. आधी लिहू द्या. मालक आले तर म्हणावं बसा, वाचून दाखवत नाही आज, वहीच घ्या हातात. कोऱ्या पानावर लिहितोय, जागा तीच बरी.

‘२३ फेब्रुवारी १९७७, बुधवार. ऊन, वारा नाही. दुपारी दोन वाजून दहा. प्लेट सहा मिलिमीटर, तार सहा सेकंदांत पन्नास सेंटिमीटर. लाइन तीनशे पासष्ट. जोडणारा नंबर एक. कासीम गेटबाहेर. स्विच सहा — जोड खराब. स्विच सात — जोड चांगला.’