डेल्बर्टचा लिफाफा

लिफाफ्यावरची सही मतदाराच्या रेघेवर नव्हती. बोटभर खाली, अधिकाऱ्याच्या रेघेवर होती. काउंटीच्या निवडणूक कचेरीत निवडणूक मंडळाचे तिघे सकाळपासून त्या शेवटच्या लिफाफ्यावर वाद घालत होते, कारण टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या, कारभारी मंडळातल्या जागेसाठी दोन्ही उमेदवारांची मतं समसमान होती. निरीक्षक म्हणून बसलेल्या मिरियमच्या मागच्या बाकावर त्यांतली एक उमेदवार, लोर्ना, नवऱ्याला फैलावर घेत होती.

"टपालानं आलेली मतपत्रिका घरी भरून पाठवायची, एवढंच काम होतं तुला."

"फायर स्टेशनातल्या मतदान केंद्रावर गेल्याशिवाय मत दिल्यासारखं वाटत नाही मला. शिवाय तिथं सूप असतं."

"सूप! मग घरची मतपत्रिका तिथं जमा करायची, म्हणजे सगळ्यांसारखं मत देता आलं असतं. ती नव्हती म्हणून लिफाफ्यात बंद करून तात्पुरतं मत घेतलं त्यांनी; हा घोळच झाला नसता."

"ट्रकमध्ये राहिली."

"आणि ट्रक कुठे होता?"

"दाराशीच."

"अरे देवा! आणि सही अधिकाऱ्याच्या जागी?"

"चष्म्यावर वाफ धरली होती गं, सुपाची."

"उन्हाळाभर मी दारोदार हिंडले, डेल्बर्ट. आणि घरचंच मत अडकावं?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत. मत मलाच दिलंस ना?"

"मतदान गुप्त असतं, लोर्ना."

"माझ्याकडे बघून बोल."

"तू निवडून आलीस की रोज संध्याकाळी सभा. मी एकट्यानं जेवायचं."

"म्हणजे?"

समोर अध्यक्षबाईंनी घसा साफ केला.

"दोन विरुद्ध एक. मत ग्राह्य धरलं आहे. लिफाफा उघडा."