लाईनीवरचं तिसरं माणूस

केशरबाई : …म्हणून काय त्यांना उन्हातच उभं ठिवणार का? अख्खं झरी गाव बघायलंय आपल्या दाराकडं.

सूर्यभान : बघू दे. लाल दिव्याच्या गाडीतून आलाय. उन्हानं काही होत नाही त्याला.

केशरबाई : दिवा गाडीला हाय, दिनकरभाऊजींच्या डोस्क्यावर न्हाई. दस्तीनं घाम पुसू पुसू बेजार झालेत.

सूर्यभान : केशर, तो आज दिनकर म्हणून आलेला नाही. मुख्यमंत्र्यांनी, त्या मोठेसाहेबांनी, पाठवलेला मंत्री म्हणून आलाय. ज्या सरकारला आम्ही टेकू दिला, त्याच सरकारनं आमच्या फोनला कान लावले, हे मी पेपरवाल्यांना सांगितलं ना? सोमवारी आमच्या पक्षाचे आम्ही तिघं आमदार पाठिंबा काढणार, हेही सांगितलं. आता सोमवारपर्यंत हे एकेकाला पाठवत राहणार. समजूत काढायला.

केशरबाई : मग त्यांच्या तोंडावर सांगा की, समजूत पटत न्हाई म्हणून. शाळेत एका बाकावर बसलेलं माणूस हाय ते. या भाऊजी, या. यांचं मनावर घेऊ नका. चार दिवस झाले, मलाबी असंच तोंड दावायलेत.

दिनकरराव : मनावर काय घ्यायचं वहिनी? बाहेर उभा ऱ्हायलो तर बरंच झालं. गावातल्या लोकायला कळालं, मंत्र्याची काय किंमत आहे ते. जरा पाणी द्या. सूर्या, बसू का?

सूर्यभान : खुर्ची सरकारी नाही. विचारायचं काम नाही.

दिनकरराव : बरं. मोठेसाहेबांनी शाल आन् नारळ दिलाय. म्हणाले, सूर्यभानरावांना पांघरा, राग शांत होईल. मी ते गाडीतच ठेवलंय.

सूर्यभान : गाडीतच राहू दे. मुंबईला जाताना तूच पांघरून जा.

दिनकरराव : जाईन. पण तिकडची हालत ऐक आधी. पालमला बन्सीधरनं माझ्याबरोबर स्टेजवर बसायला नकार दिला. त्याचाही पक्ष आपल्याबरोबर, त्यालाही वाटायलंय आपलाही फोन ऐकतेत. परवा परभणीत लोकांनी माझा रस्ता अडवला. दुसऱ्या दोन मित्रपक्षांनी बैठकीला यायचं बंद केलंय. आन् मोठेसाहेब काय म्हणायलेत माहितीय? म्हणतेत, पुरावा द्या. सूर्यभानरावांनी पुरावा दिला तर बोलू, नाही तर त्यांनीच माफी मागावी.

सूर्यभान : मी? मी माफी मागावी?

दिनकरराव : मी नाही म्हणालो. ते म्हणायलेत. पेपरात सगळं छापून आलं, पण तुला हे कळालं कसं, ते कुठंच नाही. लोक कुजबुज करायलेत की तू बनाव रचला. मंत्रिपद पाहिजे म्हणून.

केशरबाई : बनाव? यांनी? ह्यांना भाजीत मीठ जास्त झालेलं लपवता येत न्हाई, भाऊजी.

दिनकरराव : मला माहीत आहे वहिनी. म्हणूनच विचारायलोय. सूर्या, कसं कळालं तुला?

सूर्यभान : ते मी सांगणार नाही.

दिनकरराव : कामून?

सूर्यभान : नाही सांगणार, एवढंच.

केशरबाई : मलाबी सांगितलं न्हाई. आले, फोनची वायर उपसली, आन् खाटंवर जाऊन पडले. मी म्हणलं बिमार पडले. डॉक्टरला बोलवू का म्हणलं, तर माझ्याकडं बघंनात.

दिनकरराव : मला एवढंच आठवतंय, त्या दिवशी मित्रपक्षांच्या बैठकीला तू हसत आलास. बाहेर मला म्हणालास, आज नावाचा विषय काढतोच. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लावायचा ठराव होऊन बसलाय, आज तारीख घेऊनच उठतो. आन् आत आलास न आलास की उठून गेलास. विषयसुद्धा काढला नाहीस.

सूर्यभान : तू होतास ना तिथं? मग तुलाच माहीत असेल काय झालं ते.

दिनकरराव : कुठं काय झालं? मोठेसाहेब मस्करीच्या मूडमध्ये होते. तू आलास, ते म्हणाले, ‘या नवाबसाब, बाईसाहेबांच्या गुडघ्याला तेल पोचलं का?’ सगळे हसले. मीही हसलो. आन् तू…

केशरबाई : थांबा भाऊजी. काय म्हणाले ते?

दिनकरराव : मस्करी हो वहिनी. नवाबसाब म्हणाले.

केशरबाई : नवाबसाब?

सूर्यभान : केशर, तू आत जा.

केशरबाई : न्हाई जात. माझा शब्द त्या माणसाच्या तोंडात गेला कसा?

दिनकरराव : तुमचा शब्द?

केशरबाई : माझाच. माझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई तो. माझ्या लेकरायला ठावं न्हाई, माझ्या बहिणीला ठावं न्हाई. लग्न होऊन आले तवा मला ताप भरला. सासूबाई कामावर गेल्या होत्या. हे उठले, डोस्क्याला टॉवेल गुंडाळला आन् आडावरनं दोन कळश्या पाणी घिऊन आले. नव्या नवरदेवानं पाणी भरलं म्हणून अख्खी गल्ली हसायली. हे आपले मान वर करून, पटका बांधल्यागत, ऐटीत. मी वाकळंतनं बघितलं आन् मनात म्हणलं, नवाबच की हा! तवापासून. चारचौघात न्हाई म्हणत मी. फक्त आमी दोघंच असलो की. आन् हे मुंबईला असले की फोनवर.

दिनकरराव : अरे देवा.

सूर्यभान : आता कळालं तुला? पेपरवाल्यांना काय सांगू मी? माझी बायको मला काय म्हणते ते छापा म्हणू? पुरावा म्हणून तेच देऊ? सभागृहात उभा राहू आन् सांगू? उद्या बाजारात पोरं ओरडतील माझ्यामागं, नवाबसाब, नवाबसाब. ओरडू देत. पण तिला कसं तोंड दाखवू? तिनं मला दिलेली एवढीच एक चीज, जी कुणाची नव्हती. ती त्या बैठकीत चहाच्या कपाबरोबर फिरली.

केशरबाई : म्हणून बोलंना झालते का माझ्याशी?

सूर्यभान : मला वाटलं, मी सांगितलं तर तू परत कधी म्हणणार नाहीस.

केशरबाई : येडे हाव तुमी. सरकारात बसून येडे झालेत.

दिनकरराव : मी हसलो रे सूर्या. मी पण हसलो त्या बैठकीत.

सूर्यभान : तुला काय माहीत?

दिनकरराव : नव्हतं माहीत. तरी हसलो. आन् गुडघा? तोही फोनवरच?

केशरबाई : हां. गुडघा धरला म्हणून ह्यांना सांगितलं, तर मुंबईहून तेलाची बाटली धाडली कुणाच्या तरी हाती. बसमधी फुटली. पिशवीभर तेल. आमी फोनवर लय हसलो त्याच्यावर. आन् आता ध्यानात यायलंय भाऊजी, त्या दिवशी तिसरंबी कुणीतरी हसलं होतं.

सूर्यभान : काय म्हणालीस?

केशरबाई : लाईनीवर. मला वाटायचं परभणीच्या टेलिफोनवाल्यायपैकी कुणी असंल. त्याला खोकला होता. आपलं बोलणं चालू असलं की मधीच खॉक खॉक करायचा. एकदा तर तुमी फोन ठिवल्यावरबी खोकायला. मी म्हणलं, बाबा, कोण हाव तुमी? अडुळशाचा पाला उकळून मध घालून घ्या. थंड पाणी पिऊ नका.

दिनकरराव : तुम्ही त्याला औषध सांगितलं?

केशरबाई : खोकला बरा झाला त्याचा. पुढच्या फोनला आवाज न्हाई आला.

दिनकरराव : वहिनी, राज्याची खुफिया माणसं पोसतेत ते उगाच. तुमाला ठेवलं असतं तर…

सूर्यभान : हसू नको दिनकर.

दिनकरराव : हसत नाही रे. हे रडू आहे, तोंड तसं दिसायलंय. सांग आता, सोमवारी काय करणार?

सूर्यभान : पाठिंबा काढणार. दुसरं काय उरलं?

केशरबाई : आन् मग?

सूर्यभान : मग सरकार पडेल.

केशरबाई : आन् मग? पुढचं बोला ना. काल धुरपताबाई आली होती. नावाच्या दंगलीत आपल्या लोकायची घरं जाळली, त्यात घर गेल्यापास्नं तिची पोरं पत्र्याखाली झोपायलेत. ती म्हणायली, सूर्यभानला म्हणावं रागाच्या भरात काय करू नको. पुढचे येतील ते घरं बांधतील का? बाबासाहेबांचं नाव लावतील का? मी काय सांगू तिला? नवरा-बायकोच्या एका शब्दापायी तुझं घर ऱ्हायलं म्हणून?

सूर्यभान : मग गप बसू? ऐकू दे त्यांना? आज माझं घर ऐकलं, उद्या बन्सीधरचं ऐकतील. मांडीला मांडी लावून बसतात आन् मागून भिंतीला कान लावतात. याला दोस्ती म्हणतात का केशर?

केशरबाई : गप बसा म्हणलं का मी? बोला. पण सरकार पाडून बोलायचं का सरकारात बसून बोलायचं, ते बगा.

सूर्यभान : बसून बोललो तर पुरावा मागतेत. आन् पुरावा म्हणजे…

दिनकरराव : पुरावा मी आहे.

सूर्यभान : तू?

दिनकरराव : मी होतो ना बैठकीत. या दोन कानांनी ऐकलं. सभागृहात मी उभा राहतो आन् सांगतो, की फोन ऐकल्याशिवाय कुणाला कळूच शकत नाही असं बोलणं मोठेसाहेबांच्या तोंडून मी ऐकलंय. काय बोलणं, ते विचारलं तर सांगणार नाही. ते एका घरातलं आहे. माझा शब्द मानायचा तर माना.

सूर्यभान : येडा का खुळा? मंत्री आहेस तू त्यांचा.

दिनकरराव : सध्या तरी आहे.

सूर्यभान : तोंड उघडल्या उघडल्या घरी पाठवतील. पुढच्या निवडणुकीला तिकीटसुद्धा देणार नाहीत. नावाच्या बाजूनं बोललास म्हणून तुझ्या पेडगावात निम्मे लोक आधीच तुझ्याशी बोलत नाहीत. त्यात हे. मालनवहिनींना विचारलंस का?

दिनकरराव : मालनला विचारायचं काय? ती म्हणायलीच आहे, मंत्री झाल्यापासून तुमच्या शर्टाला घरचा वास येत नाही म्हणून. सूर्या, मला तुला समजवायला पाठवलं होतं. गाडीत रस्ताभर बोलायची तयारी करत आलो. अशानं असं म्हणायचं, तशानं तसं. आन् आता त्यातलं एकही बोलायची शरम वाटायली.

सूर्यभान : नको दिनकर. हे माझं भांडण आहे.

दिनकरराव : त्या बैठकीत हसलो तेव्हाच माझं झालं. वहिनी, तुमची हरकत नाही ना? तो शब्द माझ्या तोंडून जाणार नाही. खात्री ठेवा.

केशरबाई : तुमच्यावर खात्री हाय भाऊजी. चहा घेता का जरा? साखर कमी टाकते, मालनबाईनं बजावलंय मला.

दिनकरराव : तिनंही फोनवरच बजावलं असंल! आता सरकारलाही माझी साखर माहीत.

(पुढच्या आठवड्यातली सकाळ. मुंबईहून झरीला लागलेला फोन.)

सूर्यभान : हॅलो? केशर? ऐकू येतंय का?

केशरबाई : येतंय. जरा हळू बोला, कान फाटायलाय. कसे हाव?

सूर्यभान : बरा आहे. गुडघा?

केशरबाई : उतरला. त्या तेलानं न्हाई, निर्गुडीच्या पाल्यानं. तिकडचं सांगा. रेडिओवर आलं, पण अर्ध्यातच खरखर सुरू झाली.

सूर्यभान : काय सांगू? दिनकर उभा राहिला. जसं ठरलं तसंच बोलला, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. चारी बाजूंनी ओरडा. एक जण म्हणाला, काय ऐकलं ते सांगा, नाही तर खोटं आहे. दिनकर म्हणाला, तुमच्या घरातलं बोलणं इथं कुणी सांगितलेलं तुम्हाला चालेल का? तो माणूस खाली बसला.

केशरबाई : आन् मोठेसाहेब?

सूर्यभान : दुसऱ्या दिवशी उठले. म्हणाले, मित्रपक्षांच्या बाबतीत असा प्रकार घडला, तो बंद केलाय, दिलगीर आहे. एवढंच. कागदाकडं बघत म्हणाले. पण म्हणाले, केशर. सगळ्यांसमोर. बन्सीधरला फोन केला, तर तो तिकडून ओरडायला, पुन्हा सांग, पुन्हा सांग.

केशरबाई : मग पाठिंबा?

सूर्यभान : काढला नाही. पण आम्ही तिघं आता वेगळ्या बाकावर बसतो. प्रत्येक ठरावाला आधी विचारायचं, मग आमचा हात वर. घरांचं काम पाऊस संपला की सुरू करतो म्हणालेत. धुरपताबाईला सांग. विटा पडल्याशिवाय खरं मानू नको, हेही सांग.

केशरबाई : आन् नावाचं?

सूर्यभान : नावाचं ‘बघू’ म्हणाले.

केशरबाई : म्हंजे लढायचं हाय अजून.

सूर्यभान : हां. लढायचं आहे. केशर, एक काळजी लागलीय बघ. दिनकरनं राजीनामा दिला, तो त्यांनी लगेच घेतला. काल संध्याकाळी मी त्याला शोधायला गेलो तर बंगल्याला कुलूप. गाडी सरकारजमा. पेडगावला फोन केला, तर मालनवहिनी म्हणाल्या, घरी पोचले नाहीत. कुणालाच पत्ता नाही. काही करून तर…

केशरबाई : काय बी काय बोलता? इथं हायत ते.

सूर्यभान : कुठं?

केशरबाई : आपल्या वट्ट्यावर. सकाळच्या एस्टीनं आले. हातात एक पिशवी, पाय धुळीनं भरलेले. मालनबाईला मघाशीच निरोप धाडला.

सूर्यभान : काय म्हणायलाय?

केशरबाई : लय काही न्हाई. म्हणाले, घरी जायच्या आधी इथं यावं वाटलं. मी चहा ठेवायली, तर म्हणाले, वहिनी, चहा नको, आज जेवूनच जातो.

सूर्यभान : दिनकर म्हणाला असं? केशर, शाळेपासूनची दोस्ती आमची, पण आपल्या घरी तो कधी जेवायला…

केशरबाई : म्हाईत हाय मला. ठिवा आता. तवा तापलाय, आन् ते हात धुऊन बसलेत.