लाल फुल्या

झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे मावशी-भाची होत्या. दोघी नव्या इमारतींची सफाई करून देणाऱ्या. भाची हातातला करारनामा वाचून दाखवत होती.

“‘बांधकाम संपल्यावर भिंती, टाइल्स घासून देऊ. एकही डाग राहणार नाही.’ बरोबर, मावशी?”

“ते ‘एकही’ आधी खोड. त्यानंच घोळ झाला.”

“अगं, डाग काढणं हेच आपलं काम!”

“बाथरूमच्या टाइल्सवर लाल फुल्या होत्या. मी घासघासून काढल्या. प्लंबर आला आणि कपाळच बडवायला लागला. आतून पाइप कुठं गेलाय, त्याच्या खुणा होत्या म्हणे.”

“मग लिहू, ‘खुणा सोडून’.”

“खूण कुठली नि डाग कुठला, मला कोण सांगणार?”

“प्लंबर.”

“आपण जातो तेव्हा तो दुसऱ्याच साइटवर असतो.”

“मग ‘विचारल्याशिवाय पुसणार नाही’?”

“कुणाला विचारल्याशिवाय?”

“थांब, माझंच डोकं चालेनासं झालंय. पुढं काय केलं त्या प्लंबरनं?”

“काही नाही. मी म्हटलं, ओरडू नका, मला पाठ आहेत, देते काढून.”

“काय काढून दिलंस?”

“फुल्या. चारही मजल्यांवर. उद्या तो तेवढ्या जागा सोडून भोकं पाडणार आहे.”

“सगळ्या आठवल्या तुला?”

“वरच्या मजल्यावरच्या आठवल्या.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्या शोभतील तिथं काढल्या.”