न्हाणीघराचा उतार

आमच्या कंत्राटदाराचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. त्यानं काष्टीच्या घरात नवं न्हाणीघर केलं, पण फरशीचा उतार उलटा दिला. आंघोळीचं पाणी थेट स्वयंपाकघरात! तो दुरुस्तीला फिरकेना, म्हणून आम्ही नगरच्या ग्राहक कोर्टात गेलो. तिथं माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी सारखा उठायचो, बायको शर्ट ओढून खाली बसवायची.

पुकारा झाला. कंत्राटदार न्यायाधीश मॅडमना बिनधास्त म्हणाला, "मॅडम, माझी फरशी बरोबर हाय. यांचं घरच तिकडं कललंय, त्याला मी काय करनार?"

मी परत उठायला गेलो. तेवढ्यात बायको उठली. "मॅडम, घर बी या कंत्राटदारानंच बांधलंय."

मॅडमनी चष्मा काढून त्याला विचारलं, "मग काय दुरुस्त करताय? न्हाणीघर का घर?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी दारात!