पाहुण्यांचं नेटवर्क

(त्रिपोली. समुद्राकाठच्या हॉटेलातला धोबीखाना. बाहेर गोळीबार.)

गालिया : मिफ्ताहकाका, हात दाखवा आधी. चादर लालभडक झालीये.

मिफ्ताह : हात मरू दे. लॅपटॉप जोडला गेला?

गालिया : जोडलाय म्हणतो, पण निरोप जात नाही! नूरी रुग्णवाहिका घेऊन आमच्या आईला आणायला निघालाय. पुलाखाली या बंदूकवाल्यांनी सुरुंग पेरलेत, मी या डोळ्यांनी बघितलंय. दहा मिनिटांत पोचेल तो तिथे.

मिफ्ताह : सगळ्यांचे फोन बादलीत भरून नेले हरामखोरांनी. काउंटरवरच्या संगणकाच्याही चिंधड्या उडवल्या. मळक्या टॉवेलांत लपवलास म्हणून हा तेवढा वाचला. खोली नंबर विचारणारं पान उघडलं का?

गालिया : नाही. पांढरं फटक.

मिफ्ताह : लिनक्स ना? डीएनएस, म्हणजे साइटचे पत्ते कुठे विचारायचे ते, कोणी बदललंय यात?

गालिया : नूरीनेच. सरकारने बंद केलेल्या साइट उघडाव्यात म्हणून. हॉटेलबाहेरच्या सर्व्हरचा पत्ता घातलाय.

मिफ्ताह : गावभर हाच उद्योग! हे नेटवर्क मीच बसवलंय; पाहुण्याची नोंद होईपर्यंत ते फक्त हॉटेलच्याच सर्व्हरला विचारू देतं, बाहेरच्याला नाही. मग पान उघडणार कसं? काढ तो पत्ता.

गालिया : काढू देत नाही. फाइलला कुलूप घातलंय त्याने. म्हणाला होता, कोणालाही हात लावू देऊ नकोस.

मिफ्ताह : खाली वाक! … लागलं का?

गालिया : नाही. काच होती.

मिफ्ताह : टर्मिनल उघड, ती हुकूम लिहायची काळी खिडकी. मी सांगतो तसं लिही, एक अक्षर चुकवू नकोस.

गालिया : तुमचं रक्त पडतंय कळफलकावर.

मिफ्ताह : पुसून लिही. निघालं कुलूप? पत्ता खोड. वायफाय तोड, परत जोड.

गालिया : उघडलं! पान उघडलं काका! खोली नंबर मागतंय, आडनाव मागतंय. मी कुठे राहते इथे?

मिफ्ताह : दोनशे सात. बुझय्यान.

गालिया : तो ट्युनिसचा व्यापारी? त्याला तर मघाशी जिन्यात…

मिफ्ताह : त्याला आता लागत नाही. लिही.

गालिया : लिहिलं. "नूरी, पुलाखाली सुरुंग. मागे वळ." गेला… गेला निरोप.

मिफ्ताह : वाचला त्याने?

गालिया : अजून नाही. … या अल्लाह! हा केवढा स्फोट! पुलाकडेच झाला ना? सांगा ना, पुलाकडेच ना?

मिफ्ताह : पडद्याकडे बघ, पोरी. बाहेर नको.

गालिया : मला नाही बघवत. तुम्ही बघा.

मिफ्ताह : माझा चष्मा फुटलाय. तूच वाच.

गालिया : …"वळलो. माझ्या पुढची गाडी उडाली." आणि खाली लिहिलंय, "निरोप आला कसा? माझं कुलूप तोडलंस ना, गाढवे? परत लाव."

मिफ्ताह : लाव मग सावकाश. आता ती चादर जरा घट्ट बांध.